विश्लेषण : आगीत ३३ मृत्यू, धुराने ४१७... वणव्याचा धूर आगीपेक्षा घातक का ठरतो?

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात भडकलेले वणवे ‘ब्लॅक समर’ या नावाने ओळखले जातात. या वणव्यांत थेट ३३ जणांचा बळी गेला. पण त्याच काळात सिडनी, कॅनबेरा आणि मेलबर्नवर अनेक आठवडे धुराची चादर होती. या धुरामुळे पूर्व ऑस्ट्रेलियात सुमारे ४१७ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. श्वसनविकारांमुळे सुमारे दोन हजार, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे अकराशेहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले असावे, असेही त्यात म्हटले आहे. यातील बहुतेकांनी आगीची ज्वाळा डोळ्यांनी पाहिलीही नसेल. वणव्याची बातमी जळालेल्या हेक्टरांत मोजली जाते. धुराचा हिशेब मात्र मागे राहतो. हा धूर शरीरात जाऊन नेमके काय करतो आणि महाराष्ट्राने त्याकडे का पाहायला हवे?

न्यूयॉर्कचे आकाश नारंगी का झाले होते?

वणव्याचा धूर ही फक्त जंगलालगतच्या गावांची अडचण नाही, हे जगाला ठळकपणे दिसले ते जून २०२३ मध्ये. कॅनडातील क्यूबेक प्रांतात जूनच्या सुरुवातीला विजा पडून शेकडो ठिकाणी आगी लागल्या. त्याच वेळी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र होते. त्याभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांनी हा धूर दक्षिणेकडे ओढला. ७ जूनला न्यूयॉर्कमधील हवेचा निर्देशांक अमेरिकी मोजपट्टीवर ४०० च्या वर गेला. लाग्वार्डिया विमानतळावर दृश्यमानता घटल्याने उड्डाणे रोखावी लागली, बेसबॉलचे सामने पुढे ढकलले गेले, ब्रॉडवेवरील काही नाट्यप्रयोग रद्द झाले.

आग लागली तिथून न्यूयॉर्क शेकडो किलोमीटर दूर आहे. नागपूरच्या पलीकडे जंगल पेटावे आणि मुंबईचे आकाश झाकोळावे, असाच हा प्रकार. न्यू जर्सीतील एडिसन, जर्सी सिटी किंवा कॅनडातील टोरांटो परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही त्या उन्हाळ्यात ही हवा अनुभवली. 

आकाश नारंगी दिसण्याचे कारण साधे आहे. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि लाल-नारंगी प्रकाश तुलनेने सरळ पुढे येतो. म्हणजे तो रंग हा हवेत बारीक कण किती दाटले आहेत याचाच पुरावा होता. त्याचा परिणाम रुग्णालयांत लगेच दिसला. न्यूयॉर्क शहर वगळता उर्वरित न्यूयॉर्क राज्यात ७ जूनला दम्यासाठी आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांची संख्या आधीच्या दिवसांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. देशभराचा विचार करता, एप्रिल ते ऑगस्ट २०२३ दरम्यान धुराच्या दिवसांत अशा रुग्णांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा १७ टक्क्यांनी अधिक होते, असे अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेने नोंदवले.

धुरात नेमके असते काय?

लाकूड पूर्ण जळाले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. जंगलात मात्र इंधन ओले-सुके, प्राणवायूचा पुरवठा कमी-जास्त, त्यामुळे ज्वलन अर्धवट होते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखे वायू आणि काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. ज्वाळा उठत असताना जितका धूर होतो, त्यापेक्षा आग धुमसत असताना दर किलो लाकडामागे अधिक कण आणि अधिक कार्बन मोनॉक्साइड निघतो. ‘आग आटोक्यात आली’ ही बातमी आल्यानंतरही धुराचा त्रास सुरू राहतो, त्यामागे हेही कारण आहे.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘पीएम २.५’, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे हा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढा. वणव्याच्या धुरातील कणांचे बहुतांश वजन याच गटातील कणांचे असते आणि त्यातील बरेच कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते इतके हलके असतात की दिवसेंदिवस हवेत तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर खंड ओलांडतात. २०२३ मध्ये कॅनडातील धूर जूनच्या अखेरीस अटलांटिक ओलांडून युरोपात पोहोचला होता.

या कणांवर पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन गटातील रसायने चिकटलेली असतात. त्यातील काही कर्करोगकारक आहेत. शिवाय प्रवासात उन्हामुळे धुरातील वायूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन ओझोन तयार होऊ शकतो. हा जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो.

शरीरात गेल्यावर काय होते?

मोठे धूलिकण नाकातील केस आणि घशातील चिकट स्रावात अडकतात. शिंक किंवा खोकल्यावाटे ते बाहेर पडतात. पीएम २.५ मात्र ही चाळण पार करून फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात. तेथे रोगप्रतिकारक पेशी त्यांना गिळून नष्ट करण्याचा प्रयत्न करतात. पण काजळी पचणारी नसते. पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडत राहतात आणि दाह, म्हणजे आतली सूज सुरू होते. दमा किंवा ‘सीओपीडी’ असलेल्यांच्या आधीच अरुंद झालेल्या श्वासनलिका त्यामुळे आणखी आकसतात.

प्रश्न फुप्फुसांपुरता थांबत नाही. दाहाचे रासायनिक संदेश रक्तातून सर्वत्र पोहोचतात. अतिसूक्ष्म कणांपैकी काही थेट रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नीट काम करेनासे होते, रक्त गुठळी धरण्याकडे झुकते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणूनच धुराच्या दिवसांत केवळ खोकला आणि दम्याचेच नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्णही वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. आगीच्या अगदी जवळ असलेल्यांसाठी तो वेगळा धोका आहे.

मात्रेचा साधा हिशेब पाहू. प्रौढ माणूस दिवसभरात साधारण १२ हजार लिटर, म्हणजे १२ घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. त्या हवेत दिवसाला सुमारे १८० मायक्रोग्रॅम कण आत जातात. धुराच्या दिवशी हेच प्रमाण २०० मायक्रोग्रॅमवर गेले, तर आत जाणारे कण २,४०० मायक्रोग्रॅम होतात. धावताना किंवा कष्टाचे काम करताना श्वास कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे हा आकडाही वाढतो.

वाहनांच्या धुरापेक्षा हा धूर अधिक विषारी असतो का?

पीएम २.५ हा कणाचा आकार आहे, त्यातील घटक नव्हेत. रस्त्यावरची धूळ, डिझेलचा धूर आणि जळालेले झाड या तिन्हींतून समान आकाराचे कण येऊ शकतात. मग त्यांचा परिणामही सारखाच का? दक्षिण कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या १४ वर्षांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वणव्यातून आलेले पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढले, की श्वसनविकारांसाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १.३ ते १० टक्क्यांनी वाढत होते. इतर स्रोतांच्या कणांबाबत ही वाढ ०.६७ ते १.३ टक्के होती. 

सर्वच अभ्यासांत इतका मोठा फरक आढळलेला नाही. जळणारी वनस्पती कोणती, आग भडकलेली की धुमसणारी, धूर ताजा की दूरवरून आलेला, यावर विषारीपणा बदलतो. पण ‘लाकडाचा धूर नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी’ हा समज चुकीचा आहे, याबद्दल दुमत नाही. भारतीय घरांना हे नवीन नाही. चुलीसमोर वर्षानुवर्षे बसणाऱ्या स्त्रियांमध्ये धूम्रपान न करताही ‘सीओपीडी’ का आढळतो, याचे उत्तर याच धुरात आहे.

धूर ओसरला की धोका संपतो का?

डोळ्यांची जळजळ, घसा खवखवणे, डोकेदुखी हे त्रास हवा स्वच्छ झाली की बहुतेकांमध्ये थांबतात. त्यामुळे ‘आता बरे आहे’ असे वाटते. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील सीली लेक या लहान गावाचा अनुभव मात्र वेगळा आहे. २०१७ मध्ये तेथे ३१ जुलै ते १८ सप्टेंबर अशी जवळपास सात आठवडे धुराची स्थिती होती आणि पीएम २.५ ची दैनंदिन सरासरी २२० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती. मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी गावकऱ्यांची फुप्फुसांची क्षमता तपासली. धूर ओसरल्यानंतर लगेच १० टक्के लोकांची क्षमता सामान्य पातळीच्या खाली होती. वर्षभरानंतर हे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवर गेले. तपासलेल्या लोकांची संख्या शंभराच्या आत असल्याने हा अभ्यास छोटा आहे, तरी पुन्हा पुन्हा दाखला दिला जातो तो याच कारणासाठी.

लहान वयातील संपर्काबद्दल एक वेगळा पुरावा कॅलिफोर्नियातून आला. तेथील प्राणी संशोधन केंद्रात उघड्या आवारात राहणाऱ्या ऱ्हीसस माकडांची पिल्ले २००८ च्या वणव्यांच्या धुरात सापडली होती. ती वाढल्यावर त्यांची फुप्फुसे आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यानंतरच्या वर्षी जन्मलेल्या माकडांच्या तुलनेत कमकुवत आढळली.

गर्भवतींवरील परिणामाचेही पुरावे आहेत. कॅलिफोर्नियात २००७ ते २०१२ या काळात सुमारे सात हजार अकाली प्रसूतींचा संबंध वणव्याच्या धुराशी असावा, असा अंदाज २०२२ मध्ये मांडण्यात आला. मेंदूबाबतचे संशोधन तुलनेने नवे आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील साठीपुढील १२ लाख लोकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२४ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. वणव्यातील पीएम २.५ ची तीन वर्षांची सरासरी एका मायक्रोग्रॅमने वाढली, तर स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याची शक्यता १८ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. हा सहसंबंध आहे; धूर हेच एकमेव कारण असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

धुराने झालेले मृत्यू मोजतात कसे?

मृत्यूच्या दाखल्यावर ‘वणव्याचा धूर’ असे कारण सहसा लिहिलेले नसते. तिथे हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया किंवा दम्याचा तीव्र झटका असते. मग ४१७ हा आकडा आला कुठून? संशोधक आधी मोजमाप केंद्रे आणि उपग्रहांच्या मदतीने कोणत्या भागात, कोणत्या दिवशी, किती धूर होता हे ठरवतात. मग त्या भागात नेहमी किती मृत्यू होतात, हे पाहतात. कणांची पातळी वाढली की मृत्यूचे प्रमाण किती वाढते, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत असते. या तिन्हींचा मेळ घालून ‘अतिरिक्त’ मृत्यूंचा अंदाज काढला जातो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हा अंदाज १५३ ते ६८० या पट्ट्यात होता आणि ४१७ हा त्याचा मध्यवर्ती आकडा. त्यामुळे या मृतांची नावे सांगता येत नाहीत, पण म्हणून ते मृत्यू काल्पनिक ठरत नाहीत.

याच पद्धतीने २०२३ च्या कॅनडातील वणव्यांचा हिशेब ‘नेचर’मध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरांहून थोडे अधिक आहे, म्हणजे जवळपास अर्ध्या महाराष्ट्राएवढे. त्या धुरामुळे उत्तर अमेरिकेत तात्काळ स्वरूपाचे सुमारे ५,४०० मृत्यू, तर उत्तर अमेरिका व युरोप मिळून दीर्घकालीन परिणामांमुळे सुमारे ६४,३०० मृत्यू संभवतात, असा तो अंदाज आहे.

जागतिक चित्र आणखी गंभीर आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात जंगल, गवताळ भाग आणि शेतातील आगींमुळे होणाऱ्या हवा प्रदूषणाचा संबंध दरवर्षी सरासरी १५.३ लाख मृत्यूंशी होता. त्यातील ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांत झाले. सर्वाधिक मृत्यू असलेल्या देशांत चीन, काँगो, इंडोनेशिया आणि नायजेरियाबरोबर भारताचेही नाव आहे.

जंगलाबरोबर घरेही जळाली तर?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधील पॅलिसेड्स आणि ईटन या आगींनी हा प्रश्न समोर आणला. १६ हजारांहून अधिक इमारती व बांधकामे खाक झाली. इथे झाडांबरोबर प्लास्टिक, रंग, विजेच्या तारा, फर्निचर, वाहने आणि त्यांच्या बॅटऱ्याही जळाल्या. आगीच्या काळात काही किलोमीटर अंतरावरील मोजमाप केंद्रावर हवेतील शिशाचे प्रमाण नेहमीच्या सुमारे शंभरपट नोंदले गेले. जुन्या घरांच्या रंगात शिसे असते, हे त्याचे संभाव्य कारण. आगीत अधिकृतपणे ३१ मृत्यू नोंदले गेले. पण ५ जानेवारी ते १ फेब्रुवारी या काळात लॉस एंजेलिस परगण्यात अपेक्षेपेक्षा सुमारे ४४० मृत्यू जास्त झाले, असे ‘जामा’मधील अभ्यासात आढळले. त्यात धुराबरोबरच उपचारांत पडलेल्या खंडाचाही वाटा असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

सर्वाधिक धोका कुणाला?

दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेले, ६५ वर्षांपुढील ज्येष्ठ, गर्भवती आणि लहान मुले यांना धोका अधिक असतो. मुले वजनाच्या प्रमाणात मोठ्यांपेक्षा जास्त हवा श्वासात घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात.

दुसरा गट कामामुळे धोक्यात येणारा आहे. शेतमजूर, बांधकाम कामगार, डिलिव्हरी करणारे यांना ‘घरात थांबा’ हा सल्ला पाळता येत नाही. आग विझवणारे तर धुराच्या अगदी मुळाशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायाला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. आपल्याकडे हंगामी वणवा मजूर आणि वनरक्षक अनेकदा हिरव्या फांद्या किंवा ब्लोअर घेऊन, तोंडाला रुमाल बांधून आग विझवताना दिसतात. रुमाल हा पीएम २.५ पासून संरक्षण देत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्याशी याचा संबंध काय?

कॅनडासारखे महाकाय वणवे आपल्याकडे लागत नाहीत. मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत सातपुडा, मेळघाट, गडचिरोलीची पानगळीची जंगले आणि सह्याद्रीतील गवताळ डोंगर लहान-मोठ्या आगींनी धुमसत असतात. त्यातील बहुतेक माणसाने लावलेल्या असतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे, तेंदूची नवी पालवी किंवा पुढच्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून आग लावणे, फेकलेली विडी, सहलीतील न विझवलेली चूल ही नेहमीची कारणे. कोकणात अशा वणव्यांत दरवर्षी आंबा-काजूच्या बागाही होरपळतात. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्य परिसरात लागलेल्या आगी विझवण्यासाठी नौदल आणि हवाईदलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली होती.

‘लॅन्सेट’च्या अभ्यासात शेतातील आगीही धरलेल्या आहेत, हे इथे महत्त्वाचे. पश्चिम महाराष्ट्रात जाळले जाणारे उसाचे पाचट, विदर्भातील कपाशीच्या पऱ्हाट्या, कोकणातील भाताच्या रोपांसाठी केली जाणारी भाजावळ, या साऱ्यांच्या धुराला शरीर वेगळे ओळखत नाही. जंगलालगतच्या गावांत चुलीचा धूर आधीच असतो. वणव्याचा धूर त्यात भर घालतो. शिवाय रात्री हवा थंड झाली की डोंगराळ भागात धूर दरीत साचतो आणि गावे बहुधा तिथेच वसलेली असतात. त्यामुळे पहाटे आणि सकाळी त्याचे प्रमाण सर्वाधिक असू शकते.

आपल्याकडे हा धूर मोजला जातो का?

आग मोजली जाते. उपग्रहांवरील उपकरणांना जमिनीवरील उष्ण ठिपके दिसतात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरून वनकर्मचाऱ्यांना इशारे पाठवते. नोंदणी केल्यास नागरिकांनाही ते मिळतात. पण श्वासाच्या उंचीवर किती धूर आहे, हे उपग्रह थेट मोजत नाही. त्यासाठी जमिनीवर यंत्रे लागतात आणि हवा मोजणारी केंद्रे प्रामुख्याने शहरांत आहेत. जंगलालगतचे तालुके या नकाशावर जवळपास कोरेच आहेत.

निर्देशांकाचीही एक अडचण आहे. भारतीय ‘एक्यूआय’मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी धरली जाते. रात्री चार तास गावात धूर कोंडला आणि दुपारी हवा मोकळी झाली, तर सरासरीत तो धूर विरून जातो. शिवाय भारतीय मोजपट्टीवर १०० हा ‘समाधानकारक’ गटाचा वरचा टप्पा ६० मायक्रोग्रॅमला येतो. ही पातळी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या चौपट आहे. अमेरिकी मोजपट्टीवर १०० हा आकडा सुमारे ३५ मायक्रोग्रॅमलाच गाठला जातो. त्यामुळे दोन देशांतील ‘एक्यूआय’ची थेट तुलना करणे फसवे ठरते. मोबाइलवरील अॅपमध्ये शक्य असेल तिथे मायक्रोग्रॅममधील आकडा पाहणे अधिक उपयोगाचे.

धूर असताना काय करावे?

पहिला उपाय म्हणजे श्वासावाटे जाणारी मात्रा कमी करणे. सकाळचे फिरणे, धावणे, मैदानी खेळ टाळावेत. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि बाहेरची हवा स्वच्छ झाली की उघडाव्यात. एअर कूलर मात्र बंद ठेवावा, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. त्यातील गवताची किंवा कागदी जाळी पीएम २.५ अडवत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे तो चालेल. पण त्याची जाळी जाड धूळ रोखण्यासाठी असते, धुराचे कण नव्हे. खिडक्या बंद ठेवल्याने उकाडा असह्य होत असेल, तर उष्माघाताचा धोका ओढवून घेण्यापेक्षा थंड जागी जाणे योग्य.

मास्क वापरायचाच असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन ९५ वापरावा. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण गाळतो. कापडी मास्क, ओला रुमाल, उपरणे यांचा फारसा उपयोग नाही. कडेने हवा शिरत असेल तर एन ९५ ही निष्प्रभ ठरतो. तसेच तो कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू अडवत नाही.

एअर प्युरिफायर घेताना ‘हेपा’ फिल्टर आहे का आणि ‘सीएडीआर’ किती, हे पाहावे. यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते, हे सीएडीआर सांगतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत धुरासाठी तासाला सुमारे २०० घनमीटर सीएडीआर पुरेसा मानला जातो. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत. अमेरिकेत पंख्याला चार फिल्टर चिकटवून बनवलेली ‘कोर्सी-रोझेन्थल’ पेटी हा स्वस्त पर्याय लोकप्रिय झाला. खर्च परवडत नसेल, तर घरातील एक खोली निवडून तिच्या फटी बंद कराव्यात आणि ज्येष्ठ व मुलांना त्या खोलीत ठेवावे. त्या काळात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, तळण टाळावे, कारण बंद घरात हा धूरही साचतो.

दम्याच्या रुग्णांनी इनहेलर जवळ ठेवावा आणि नियमित औषधे स्वतःहून बंद करू नयेत. छातीत दुखणे, बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

पुढे काय?

कॅनडात २०२५ मध्येही ८० लाखांहून अधिक हेक्टर क्षेत्र जळाले. उष्ण आणि कोरड्या हवामानामुळे अनेक देशांत वणव्यांचा हंगाम लांबत आहे. अमेरिकेत २००० नंतर पीएम २.५ कमी करण्यात जे यश मिळाले होते, त्यातील जवळपास चौथा हिस्सा २०१६ नंतरच्या वणव्यांच्या धुराने पुसला, असे ‘नेचर’मधील २०२३ चा अभ्यास सांगतो. वाहने आणि कारखान्यांवरील नियंत्रणाने स्वच्छ झालेली हवा जंगलातील आगीने पुन्हा बिघडू शकते, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात वणवा हा वनविभागाचा विषय मानला जातो. हंगामापूर्वी जाळरेषा काढणे, मोहफुलांसाठी झाडाखाली जाळ्या लावण्यास प्रोत्साहन देणे, हंगामी मजूर नेमणे ही कामे होतात. त्यांचा आरोग्यालाही फायदा आहे, कारण जो वणवा लागलाच नाही, त्याचा धूरही नसतो. पण हंगामअखेर जो हिशेब मांडला जातो, त्यात आगीच्या घटना आणि जळालेले क्षेत्र असते. त्याच आठवड्यांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धाप, खोकला, छातीत दुखण्याच्या तक्रारी किती आल्या, हे त्याच्याशेजारी ठेवून पाहिले जात नाही. हवा प्रदूषणाशी निगडित श्वसनविकारांवर देखरेख होते ती मुख्यतः शहरांतील निवडक रुग्णालयांत.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. वणवाप्रवण तालुक्यांत आरोग्य केंद्रांवर हवा मोजणारी कमी खर्चाची यंत्रे, वणव्याच्या इशाऱ्याबरोबर आशा सेविकांपर्यंत धुराचा इशारा, आणि आग विझवणाऱ्या प्रत्येक मजुराला रुमालाऐवजी एन ९५ मास्क, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. ऑस्ट्रेलियाला ४१७ हा आकडा कळला, कारण तेथे धूर आणि रुग्ण दोन्ही मोजले जात होते. आपल्याकडे पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होईल.